एका नावाच्या दोघी

आमच्या घरातली सगळी कागदपत्रं माझ्याकडे असतात, आणि त्याचा मला जरा माजच आहे. चाकणच्या एका कंपनीत मी क्वालिटीत कामाला आहे. तिथं गाड्यांचे सुटे भाग बनतात. एखाद्या भागाचं ड्रॉइंग बदललं की जुना कागद प्रत्येक टेबलावरून, प्रत्येक मशीनवरून काढून घ्यायचा आणि त्या जागी नवा लावायचा, हे माझं रोजचं काम. एक जुना कागद कुठं चिकटून राहिला तर अख्खा लॉट चुकतो आणि मग सगळ्या कारखान्यात माझा उद्धार होतो. त्यामुळे घरी लाइट बिल असो, पोरीच्या शाळेचा फॉर्म असो, नाहीतर दादांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या शेताचा उतारा असो, सगळं माझ्या निळ्या फाइलीत. नवरा तर स्वतःचा पॅन नंबरसुद्धा मला फोन करून विचारतो.

सासू-सासऱ्यांचं बँकेत जोडखातं आहे. त्याची माहिती अद्ययावत करा, असा बँकेचा मेसेज आला तेव्हा आजींचं वर्षश्राद्ध होऊन महिना झाला असेल. आजी म्हणजे माझ्या सासूबाईंच्या सासूबाई. नव्वदी ओलांडून गेल्या. मी सकाळच्या घाईत डबा भरत होते, सासूबाई भाकऱ्या थापत होत्या.

मी म्हटलं, "आई, गुरुवारी बँकेत जाऊन येऊ. मला सुट्टी आहे. तुमचा अंगठा लागेल."

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं आणि म्हणाल्या, "जायचंच हाय, तर माझं नावबी बदलून घिऊ."

"का? काय चुकलंय त्यात?"

"चुकलं न्हाई काय. ते माझं नावच न्हाई."

आणि मग त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं. इथं मी कुणाचंच नाव लिहिणार नाही, तेव्हा तेही लिहीत नाही. पण ऐकल्यावर माझा हात डब्यातच राहिला. कारण ते नाव मी येता-जाता वाचत होते. बाहेरच्या खोलीत भिंतीवर फोटो आहे, त्याच्याखाली लिहिलेलं आहे. ते आजींचं नाव होतं.

अकरा वर्षं मी त्या घरात होते. या बाईच्या हातचं खाल्लं, माझी दोन बाळंतपणं यांनी काढली, आणि यांचं माहेरचं नाव काय हे मी कधी विचारलं नव्हतं. लाज वाटली मला.

गोष्ट साधी होती. एका घरात एका नावाच्या दोघी नकोत, अशी आमच्याकडे रीत. सासूचं आणि सुनेचं नाव एक निघालं तर बदलायचं ते सुनेचं. तसं लग्नात नाव बदलतातच. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं. कुणी हौसेनं बदलतं, कुणी जुनंच पुन्हा लिहितं. यांच्या बाबतीत हौसेचा प्रश्नच नव्हता. त्यांच्या नणंदेनं एक नाव सुचवलं, घरातल्या वडीलधाऱ्यांनी माना डोलावल्या, दादांनी तांदळात लिहिलं, आणि एकोणीस-वीस वर्षांच्या पोरीला नवं नाव मिळालं. त्याला एकेचाळीस वर्षं झाली.

माझ्या नाकावर राग असतो. माझ्या लग्नात मी नवऱ्याला आधीच बजावून ठेवलं होतं की ताटात माझंच नाव लिहायचं, नाहीतर मी तशीच थेरगावला परत जाईन. आम्ही मूळचे लातूरकडचे. बाप कंपनीसाठी इकडं आला आणि थेरगावात राहिला. त्यामुळे माझ्यात दोन्हीकडचा तिखटपणा उतरलाय. मी फणफणले, "मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"त्यांच्या जितेपणी कसं मागायचं?" सासूबाई अगदी सहज म्हणाल्या. "त्यांचं हुतं ना ते. आता त्या गेल्या, वरीसबी झालं. आता मोकळं हाय."

आणि भाकरी उलटली.

मी कंपनीच्या बसमध्ये बसले तरी ते 'मोकळं हाय' डोक्यातून जाईना. आजी शेवटची तीन वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. त्यांचं सगळं सासूबाईंनी केलं. कूस बदलण्यापासून केस विंचरण्यापर्यंत. ज्या बाईमुळे स्वतःचं नाव गेलं, तिला हातानं भरवताना यांच्या तोंडावर मी कधी आठी पाहिली नाही. एकेचाळीस वर्षं या बाईनं रांगेत उभं राहावं तसा आपला नंबर यायची वाट पाहिली होती, आणि पुढच्या माणसाला एकदाही धक्का मारला नव्हता. माझ्याच्यानं आठवडाभरसुद्धा झालं नसतं.

आणखी एक गोष्ट मला त्या बसमध्ये लक्षात आली. तांदळात लिहिलेलं ते नाव घरात कुणीच वापरत नव्हतं. मुलं 'आई' म्हणत. दादा 'अगं' नाहीतर 'ऐकलं का' म्हणत. आळीतल्या बायका थोरल्या लेकाच्या नावानं 'अमक्याची आई' म्हणत. ते नाव जिवंत होतं ते फक्त कागदावर: रेशन कार्डावर, आधारवर, दवाखान्याच्या केसपेपरवर आणि बँकेच्या पासबुकावर. म्हणजे बदलायचं तर तिथंच बदलायला हवं होतं. हे मला माझ्या धंद्यातून कळायला पाहिजे होतं, पण सुचलं त्यांना.

संध्याकाळी मी निळी फाइल काढली. "आई, तुमचं आधीचं नाव असलेला एखादा कागद लागेल. असेल का काही?"

त्या आत गेल्या आणि कपाटातल्या नऊवारीच्या घडीतून एक पिवळा पडलेला कागद घेऊन आल्या. शाळा सोडल्याचा दाखला. मी तो उलगडला. माहेरच्या गावची शाळा, जन्मतारीख, आणि शेवटी: इयत्ता सातवी, उत्तीर्ण.

"सातवी?" मी ओरडलेच. "तुम्ही सातवी पास आहात?"

इथं मला माझी फजिती सांगावी लागेल. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंना बँकेत अंगठा उठवताना पाहिलं आणि मला समाजसेवेचा झटका आला. पाटी-पेन्सिल आणली. रोज कंपनीतून आल्यावर मी त्यांना अक्षरं शिकवायची. अ अननसाचा, आ आईचा. दोन वर्षं! त्या समोर मांडी घालून बसायच्या, जीभ जराशी बाहेर काढून 'अ' गिरवायच्या, आणि त्यांचा 'क' दर वेळी पडल्यासारखा यायचा. मी चिडायची. एकदा तर 'आई, लक्ष कुठंय तुमचं' असं मास्तरणीसारखं दटावलंसुद्धा. शेवटी मीच कंटाळून सोडून दिलं आणि नवऱ्याला म्हटलं, या वयात नाही येत रे.

आता मला एकेक आठवायला लागलं. औषधाची पट्टी कधी चुकली नाही यांची. बसची पाटी बघून बरोब्बर बसमध्ये चढायच्या. मला वाटायचं रंगावरून ओळखतात.

"मग माझ्यापुढं पाटी घेऊन का बसलात?"

"तुला लई हौस हुती," त्या म्हणाल्या. "नवी पोर. घरात रुळंना झाली हुतीस. म्हटलं बसावं जरा वेळ."

मी हसावं की रडावं ते कळेना. म्हणजे दोन वर्षं त्या मला शिकवत होत्या आणि मला पत्ताच नव्हता.

"आणि अंगठा? तो कशाला उठवायचा मग?"

त्यांनी दाखल्याची घडी पहिल्यासारखी घातली. "बँकेत सही करायची म्हंजे ते नाव लिवायला लागलं असतं. त्यांनी ठिवलं, मी ऐकून घेतलं. हाक मारली तर 'ओ' दिली असती, पर हाक कुणी मारलीच न्हाई. लिवायचं मातर न्हाई म्हटलं. माझ्या हातानं न्हाई. अंगठ्याला काय, त्याला नाव नसतंय."

लोकांनी अडाणी म्हटलं तर म्हणू दे. साहेबानं, क्लार्कनं, सुनेनं 'इथं टेकवा मावशी' म्हणत बोट धरून शाईत बुडवलं तर बुडवू दे. पण आपल्या हातानं दुसरं नाव लिहायचं नाही. दादांना ठाऊक होतं की बायको शिकलेली आहे, पण लेखणी हाती नाही म्हणून विसरली असेल, असं त्यांनी धरून टाकलं होतं. एवढा मोठा नेम या बाईनं कुणाला न सांगता पाळला, आणि त्यात कुणाचं काही वाईट केलं नाही. मला या बाईचा इतका अभिमान वाटला की मी उठून त्यांना मिठीच मारली. त्या म्हणाल्या, "सोड गं, कागद चुरगळंल."

पुढची कामं मी कंपनीतल्यासारखी यादी करून घेतली. खेडला जाऊन नोटरीपुढं प्रतिज्ञापत्र. नोटरीच्या माणसानं सवयीनं शाईचं पॅड पुढं सरकवलं, सासूबाईंनी ते एका बोटानं मागं लोटलं आणि म्हणाल्या, "पेन द्या." सावकाश, शाळेतल्या वळणदार अक्षरात, वर रेघ मारून नाव लिहिलं. पहिलं त्यांचं, मधलं दादांचं, मग आडनाव. मग राजपत्रासाठी अर्ज. ते छापून आल्यावर आधार. तिथं बोटांचे ठसे मशीन घेईना. जन्मभर कांदे निवडून आणि शेणाचे गोळे करून रेषाच गेल्या होत्या. शेवटी डोळे घेतले. मशीनमध्ये बघताना त्यांनी श्वास रोखून धरला होता.

हे सगळं चालू असताना घरात एक माणूस गप्प होतं. दादा.

सासूबाईंनी पहिल्याच दिवशी त्यांना जेवताना सांगितलं होतं. लपवाछपवी त्यांच्या स्वभावात नाही. मी वाढत होते.

"आईचं नाव हाय ते," ते म्हणाले.

"माझंबी हाय."

"अगं, पर म्या पिंड दिलाय त्या नावानं. परवा, तुझ्याम्होरं. भटजी म्हणलं आईचं नाव घ्या, तवा घेतलं. त्या नावानं पाणी सोडलंय. आता तेच जित्या बाईला लावायचं? इपरीत हाय ते."

दादा वाईट माणूस नाहीत. शेतातल्या मातीसारखे आहेत. पाणी मुरायला वेळ लागतो. पण मला तेव्हा ते कुठं कळायला! मी भांडं हातात घेऊन ऐकवलं, "दादा, कायद्यानं तुमच्या परवानगीची गरजच नाहीये. आईंचं नाव आहे, त्या बदलू शकतात."

दादांनी हात धुतला, टोपी घातली आणि ते बाहेर निघून गेले. पुढं दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. जे काम सासूबाईंनी आठ दिवसांत गोडीनं केलं असतं, ते मी एका वाक्यात अडवून ठेवलं.

सासूबाई मला एवढंच म्हणाल्या, "कंपनीतबी अशीच बोलतीस व्हय? तरी टिकलीस."

आधार बदलून आलं तसं मी त्यांना घेऊन बँकेत गेले. माझ्याकडे राजपत्र होतं, प्रतिज्ञापत्र होतं, दाखला होता, फोटो होते, प्रत्येकाच्या दोन-दोन प्रती होत्या. काउंटरवर एक तरुण अधिकारी होत्या. त्यांनी सगळं नीट पाहिलं, एकेक कागद मूळ कागदाशी ताडून पाहिला. मग म्हणाल्या, "कागद चांगले आहेत. पण खातं अंगठ्याचं आहे. सही लावायची तर सहीचा वेगळा फॉर्म, मावशींनी माझ्यासमोर सही करायची. आणि हे जोडखातं आहे. काकांना यावं लागेल. त्यांनी इथं येऊन संमती द्यायची, सही करायची."

"कायद्यानं..." मी सुरुवात केली.

"आमच्या शाखेत असंच करतो," त्या शांतपणे म्हणाल्या.

मी तोंडघशी पडले. 'तुमची गरजच नाही' असं ज्यांना मी तोंडावर सुनावलं, त्यांचीच आता गरज होती. घरी येताना रिक्षात मी सासूबाईंकडे बघूसुद्धा शकले नाही. त्या बाहेरची दुकानं बघत बसल्या होत्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "न्हाई आलं ते तर न्हाई. राजपत्रात आलंय ना." पण त्यांच्या आवाजावरून मला कळलं, ते पुरेसं नाही. राजपत्र फाइलीत राहतं. पासबुक त्या दर महिन्याला हातात धरतात, काउंटरवर देतात, परत घेतात. त्या एका जागी त्यांना स्वतःला बघायचं होतं.

दोन दिवसांनी मी कामावरून आले तर मागच्या अंगणात दोघं कांदे निवडत बसलेले. माझी पावलं वाजली नसावीत. मी चपला काढता काढता थांबले. चोरून ऐकू नये हे मलाही कळतं, पण ऐकलं.

"तुमच्या आईंचं न्हाई ते," सासूबाई म्हणत होत्या. "त्यांचं त्यांच्या आत्यानं ठिवल्यालं. माझं माझ्या आत्यानं. कानात माझ्या सांगितलं हुतं तिनं, पाळण्यात. तुमी पाणी सोडलं ते त्यांच्या नावानं. माझ्या कशाला लागंल?"

दादा कांद्याची पात खुडत राहिले.

"आन इपरीत काय व्हायचं ते माझं व्हईल. माझं मी बघंन."

"तुझं व्हईल म्हणूनच तर," दादा एकदम म्हणाले. "माझं व्हायचं असतं तर कवाच सही दिली असती."

मी उंबऱ्याबाहेर चप्पल हातात धरून उभी. दोन महिने मी या माणसाला मनातल्या मनात काय काय म्हटलं होतं! हटवादी, जुनाट, बायकोवर हक्क गाजवणारा. आणि त्यांना नुसती भीती वाटत होती. आई गेली, आता तिचं नाव बायकोच्या अंगाला लागलं तर हीही जाईल, अशी भीती. कुणापुढं बोलायची तरी कशी?

बऱ्याच वेळानं सासूबाई म्हणाल्या, "एकेचाळीस वर्सं दुसरंच नाव लावून काढली, तवा काय झालं मला? धडधाकट हाय. आता माझं लावून काय व्हतंय?" आणि मग, "बँकेत तुमी लागताय. गुरुवारी येताय का?"

"बघू," दादा म्हणाले.

आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही. मी मोठ्यानं खाकरून आत गेले.

गुरुवारी सकाळी मी तयार होऊन बाहेर आले तर दादा धुतलेला सदरा, नवी टोपी घालून ओट्यावर बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "गर्दी व्हायच्या आत निघायला पायजे." दोन महिन्यांनंतरचं ते पहिलं वाक्य. मी तोंड आवरलं आणि फाइल उचलली. शहाणपण उशिरा आलं, पण आलं. ते संमती देणार आहेत की नुसतेच आले आहेत, हे सासूबाईंनाही माहीत नव्हतं. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या.

त्याच अधिकारी होत्या. मी फाइल उघडून पुढं झाले. त्यांनी विचारलं, "तुम्ही कोण यांच्या?"

"सून."

"मग तुम्ही जरा तिकडं बाकावर बसा. मावशी, तुम्हीपण दोन मिनिटं बसा. मला आधी काकांशी एकट्याशी बोलायचंय."

माझा पारा चढला. सगळी धावपळ मी केली, आणि मलाच बाजूला बसवता? पण बाकावर बसल्यावर डोकं जरा थंड झालं. म्हाताऱ्या माणसांना घेऊन यायचं, कागद पुढं करायचे, 'इथं सही करा' म्हणायचं आणि खात्यात हवं ते बदलून घ्यायचं, असं करणारी पोरं-सुना त्यांनी बघितल्या असणार. मी कंपनीत ज्याची सही असेल त्याला विचारल्याशिवाय नवं ड्रॉइंग लावत नाही. ही मुलगी तेच करत होती. माझ्यासारख्या तोंडाळ बाईला बाजूला बसवायला धीर लागतो. मला ती आवडली.

बाक काउंटरपासून चार पावलांवर होता. सगळं ऐकू येत होतं.

"काका, मावशींचं नाव बदलायचा अर्ज आहे. तुम्हाला माहीत आहे ना?"

दादांनी मान हलवली.

"कुणी आग्रह केलाय का तुम्हाला? सुनेनं, मुलानं?"

दादांनी मागं वळून माझ्याकडे पाहिलं. मग ते म्हणाले, "न्हाई."

"मग तुमच्या तोंडून सांगा. खात्यावर मावशींचं काय नाव लावायचं?"

"लिवलंय की त्यात."

"लिहिलंय, काका. पण लिहिलेलं कुणीही आणून देतं. तुम्ही हो म्हणून नाव सांगितलंत की मी आजच्या आज घेते. नाहीतर मला घेता येणार नाही."

दादा उभेच राहिले. दोन्ही हात काउंटरच्या कडेवर. आमच्याकडे त्यांच्या वयाचा माणूस बायकोचं नाव घेत नाही. आणि आईचं तर कुठला मुलगा घेतो? ते नाव त्यांनी उभ्या आयुष्यात घेतलं असेल ते पिंडापुढं, भटजींनी सांगितलं म्हणून. मला एकदम कळलं की या मुलीनं, तिला काही माहीत नसताना, त्यांच्यापुढं काय मागितलं होतं. सासूबाईंना माझ्या आधी कळलं होतं. त्यांनी डोळे मिटून घेतले. मी त्यांचा हात धरला.

दादांनी टोपी काढली. ती काउंटरवर ठेवली. मान खाली घालून काहीतरी पुटपुटले.

मागं टोकनचा आवाज झाला, कुणाचा तरी नंबर पुकारला गेला. अधिकारी पुढं वाकल्या. "ऐकू नाही आलं, काका. जरा मोठ्यानं."

मला वाटलं, आता हा माणूस टोपी उचलणार आणि चालू लागणार.

दादांनी मान वर केली. आणि मग शेतात बांधापलीकडच्या माणसाला हाक मारतात तेवढ्या आवाजात त्यांनी ते नाव घेतलं. आधी तिचं, मग आपलं, मग आडनाव. आवाज शेवटी जरासा फाटला, पण अडखळला नाही. पासबुक छापायला उभी असलेली माणसं वळून बघायला लागली. दादा त्यांच्याकडे बघून म्हणाले, "आमची मंडळी हाय."

मी फाइल तोंडापुढं धरली. शेजारी बाक हलला. सासूबाई उठून उभ्या राहिल्या होत्या, पदर सारखा केला होता.

"आले," त्या म्हणाल्या.